बाबांच्या हातचा खिमा

माझ्या मायचा खुबा मोडला आणि जुळलाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं की या वयात हाड इतकं छान धरलेलं फार क्वचित पाहायला मिळतं. हाडाने धरलं, पण मायने अन्न सोडलं. वरण-भाताचे चार घास झाले की ताट सरकवायची. म्हणायची, तोंडाले चव नाही. डब्यातली ताकदीची पावडर दुधात घालून दिली तर तिने ती कुंडीतल्या तुळशीला दिली. तुळस वाळली. त्यानंतर पावडरीचा आग्रह आम्हीच सोडला.

वॉकर धरून उभी राहायलाही अंगात जोर लागतो. तो जेवल्याशिवाय येणार नाही आणि जोर नाही म्हणून जेवण जाणार नाही, अशा फेऱ्यात आमच्या मातोश्री सुशीलाबाई अडकल्या होत्या. माझी बायको प्रेमिला जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका आहे. न खाणाऱ्या पोरांना खिचडी खाऊ घालण्यात तिचा हातखंडा. तीसुद्धा हरली. आणि मग एका शनिवारी सकाळी, नागपूरहून सुट्टीवर आलेली आमची मुलगी रुची आजीची वेणी घालत असताना माय खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुह्या आजाच्या हातचा खिमा असता तं खाल्ला असता मी."

बाबा जाऊन दोन वर्षं होत आली होती.

बाबांच्या खिम्याबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही मूळचे अर्जुनीकडचे, जातीने कोहळी. पूर्वजांनी गावोगावी तलाव बांधले, मी पाटबंधारे खात्यात त्या तलावांच्या फायली बांधतो. माझे वडील बकाराम धानाची शेती करायचे. वर्षभर त्यांनी स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नाही. पाण्याचा गडूसुद्धा हातात आणून द्यावा लागायचा. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते अंगणात वेगळी चूल मांडायचे, डोक्याला दुपट्टा गुंडाळायचे आणि स्वतःच्या हाताने मटणाचा खिमा रांधायचे. त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. आम्ही पोरं गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून दुरून बघत बसायचो, गाभाऱ्याच्या दारातून बघावं तसे. जाळ, धूर, त्यात मधूनच दिसणारा बाबांचा घामेजलेला चेहरा आणि तो वास. मला आजही वाटतं की माझ्या आयुष्यात मी जे काही भव्य पाहिलं त्यात एक म्हणजे धरणाचे दरवाजे उघडताना पाहिलं ते, आणि दुसरं हे.

मी म्हणालो, "माय, उद्या रविवार आहे. मी रांधतो."

मायने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी उद्या गोंदियाहून विमान चालवत येतो म्हणालो.

पहिली अडचण प्रेमिला. तिच्या माहेरी महानुभाव पंथ. जन्मात तिने मटणाचा तुकडा तोंडात घातलेला नाही. तिचा विरोध नव्हता, अटी होत्या. तिच्या ओट्यावर नाही, तिच्या भांड्यात नाही, तिच्या गॅसवर नाही, तिच्या पाट्यावर नाही. "आईंसाठी करताय, करा," ती म्हणाली. "पण अंगणात. आणि त्या दिवशी मी खिडकी लावून घेईन." मी अटी मान्य केल्या. मान्य केल्यावर लक्षात आलं की त्यानंतर घरात माझ्याकडे फक्त मीठ उरतं.

दुसरी अडचण अशी की खिमा कसा करतात हे मला माहीत नव्हतं. गोठ्याच्या भिंतीपाशी बसून जेवढं दिसलं तेवढंच. म्हणून गावी शालीकराम काकांना फोन लावला. हे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी फार आनंदाने सांगायला सुरुवात केली. पण ते खिम्यापर्यंत पोचेचनात. बोकड कुठून आणायचे, तो बोकड कोणाचा, त्या माणसाचं पुढे काय झालं, त्याच्या पोरीचं लग्न कुठे झालं, ती आता कशी आहे, हे सगळं सविस्तर कळलं. मसाल्याचं विचारलं तर म्हणाले, "दादा टाकत जाये आन वास येत जाये." किती टाकायचा, तर अंदाजाने. अंदाज कसा घ्यायचा, तर बघून. एकच गोष्ट त्यांनी पक्की सांगितली. खिमा मशीनचा नको. सुऱ्यांनी कापलेलाच पाहिजे. मशीनचा खिमा दादा कुत्र्यालेही घालत नव्हता.

रविवारी सकाळी मी मटणाच्या दुकानात हे सांगितलं, तेव्हा रांगेतले लोक वळून बघायला लागले. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि समजुतीने म्हणाला, "साहब, संडे के दिन हाथ का खिमा? मशीन का ले जाओ, अम्मा के दाँत को भी आराम रहेगा।" मी बाबांचं मत त्याच्या कानावर घातलं, कुत्र्याचा भाग वगळून. त्याने शांतपणे बिनहाडाचं मटण तोललं, पिशवीत घातलं, वर चिंचेच्या लाकडाचा एक जुना ठोकळा ठेवला आणि म्हणाला की मग घरी जाऊन वडिलांच्या पद्धतीने करा, ठोकळा उद्या परत द्या. रांगेत कोणीतरी हसलं. माझ्या पदाचा उल्लेख करावा असं मनात आलं होतं, पण हातात ठोकळा घेऊन पदाचा उल्लेख नीट होत नाही.

घरी आलो तर फाटकात केशोराव उभे. केशोराव आमचे शेजारी, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं की गार्डच्या डब्यात माणूस एकटा असतो आणि एकट्या माणसाला सगळा स्वयंपाक येतो. गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या गल्लीत कोणीही काहीही करायला घेतलं की केशोराव हजर होतात, आणि ते काम संपेपर्यंत हलत नाहीत. काम कधी संपत नाही ते बहुतेक यामुळेच. त्यांनी दोन सुऱ्या मागवल्या, ठोकळ्यासमोर बसले आणि एका लयीत कापायला लागले. लय उत्तम होती. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ठोकळ्यावरचं मटण कमी होतंय आणि खिमा वाढत नाहीये. कुंपणाच्या भिंतीवर, पेरूच्या झाडावर आणि माझ्या चष्म्यावर तो थोडा थोडा सापडला. भिंतीवर एक मांजर येऊन बसलं होतं. त्याचा चेहरा कृतार्थ होता.

उरलेलं मी कापलं. हात भरून आले, मनगटं ठणकायला लागली. बाबा हे सगळं एकट्याने करायचे, तेही सकाळी बैलांचं पाणी-वैरण उरकून. मी सुरी खाली ठेवली. त्या माणसाबद्दलचा माझा आदर खांद्यांतून कळ मारत वर चढत होता.

मग गॅस. अंगणात जुनी शेगडी मांडली, भांडी केशोरावांच्या घरून आली. तिला जोडायचं सिलिंडर गावच्या घरून आणलेलं, बाबांच्या नावावरचं. ते रिकामं निघालं. रुचीने फोनवरून नवं बुक करायला घेतलं तर उत्तर आलं की ग्राहकाची ओळख पटवणं बाकी आहे, ग्राहकाने आपला चेहरा कॅमेऱ्यासमोर आणावा. मी हेल्पलाइनला फोन केला आणि सांगितलं की ग्राहक वारले आहेत. पलीकडची मुलगी फार नम्र होती. तिने मला थांबायला सांगितलं, गाणं ऐकवलं आणि परत येऊन विचारलं की ग्राहक केव्हा उपलब्ध होतील. मी म्हणालो, बाई, ते उपलब्ध असते तर मला हा गॅसच लागला नसता. आज सकाळपासून मला जगात नेमका तोच चेहरा हवा आहे.

केशोरावांनी सुचवलं की ताराचंदजी, तुम्ही हुबेहूब बापासारखे दिसता, एकदा ट्राय करायला काय हरकत आहे. हरकत होती, पण दोन वाजायला आले होते आणि माय आत उपाशी होती. रुचीने फोन धरला. मी नुकतेच कांदे चिरले होते. 'डोळे उघडा,' फोन म्हणाला. मी प्रयत्न केला. 'डोळे मिचकवा,' फोन म्हणाला. ते आपोआप होतच होतं, गालांवरून पाणी वाहत होतं. फोनने बराच विचार केला आणि हा चेहरा ग्राहकाशी जुळत नाही असं जाहीर केलं. मला उगीचच वाईट वाटलं. आयुष्यभर सगळे म्हणत आले की पोरगा बापावर गेला आहे. आता कंपनीने लेखी नाकारलं.

शेवटी विटा आणून चूल मांडली. ज्याच्या घराण्याने तलाव बांधले त्याला तीन विटा सारख्या लावता येऊ नयेत, असं केशोराव म्हणाले नाहीत, पण त्यांनी चूल दोनदा मोडून पुन्हा मांडली. लाकडं त्यांच्याच अंगणातली, ओली. धुराने पेरूचं झाड दिसेनासं झालं. मी बाबांसारखा डोक्याला दुपट्टा गुंडाळला होता, त्याचं टोक पेटलं, ते रुचीने विझवलं. मग तव्यावर लाल मिरच्या भाजायला घेतल्या आणि गल्ली खोकायला लागली. समोरच्या घरातून एक बाई तोंडाला पदर लावून विचारायला आल्या की काही औषध फवारून राहिले का. तेवढ्यात आतून मायचाही ठसका ऐकू आला. मी धावत गेलो. ती पलंगावर उठून बसली होती, डोळ्यांत पाणी, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुललेला दिसला.

"मिरच्या करपल्या," ती म्हणाली. आणि मग विचारलं, "केव्हा होईन?"

केव्हा होईल हा प्रश्न तिने दवाखान्यातून आल्यापासून एकाही जेवणाबद्दल विचारला नव्हता. मी बाहेर आलो तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि भांड्यात पाहिलं तेव्हा पुन्हा लागले.

मी आत गेलो तेवढ्या वेळात केशोरावांनी खिमा चुलीवर चढवला होता आणि खाली लागेल म्हणून त्यात तांब्याभर पाणी ओतलं होतं. दुकानातून आणलेल्या तयार मसाल्याचं पाकीटही रिकामं केलं होतं. भांड्यात तांबूस पाणी, त्यावर दगडासारखे गोळे झालेला खिमा, आणि वास असा की मांजरसुद्धा भिंतीवरून उतरून गेलं. केशोराव म्हणाले, उकळू द्या, आटलं की सगळं ठीक होते. मी चुलीसमोर उकिडवा बसलो. बाबा असेच बसायचे. फक्त त्यांच्यासमोर खिमा असायचा.

अंगणाकडची स्वयंपाकघराची खिडकी सकाळपासून बंद होती. आतून उदबत्तीचा वास येत होता. ती खिडकी उघडली.

"धने कच्चे आहेत," प्रेमिला म्हणाली.

मी मान वर केली. ती गजांना धरून उभी होती, नाकाला पदर लावलेला. मी विचारलं, तुला कसं कळलं. ती कान किंचित पुढे करून म्हणाली, "आणि हा पाण्याचा आवाज आहे. तेलाचा यायला पाहिजे. लाकडं काढा त्यातली."

मी लाकडं काढली. मग खिडकी बंद झाली, आणि दार उघडलं.

ती स्टूल घेऊन बाहेर आली, चुलीपासून चांगल्या अंतरावर मांडून त्यावर बसली. परीक्षेच्या हॉलमध्ये बसते तशी. भांड्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले, नाकावरचा पदर काढला आणि श्वास घेतला. मी, रुची, केशोराव, फाटकाशी अजून उभ्या असलेल्या समोरच्या बाई, सगळे श्वास रोखून. मग ती सांगायला लागली. वरचं पाणी काढून वेगळं ठेवा. गोळे पळीच्या पाठीने फोडा, ढवळू नका, दाबा. झाकणावर पाणी ठेवा. केशोरावांना ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही फक्त जाळ बघा," आणि आश्चर्य म्हणजे ते फक्त जाळ बघायला लागले.

मग ती आत जाऊन आपला पाटा-वरवंटा घेऊन बाहेर आली. सकाळच्या अटीची मी आठवण करून दिली. ती म्हणाली, "मसाल्यात मटण नाही." धने, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजलं, एकेक वासावर उतरवलं आणि वाटायला बसली. मुख्याध्यापिका बाई, उद्या तपासणीला अधिकारी येणार, आणि अंगणात पाट्यावर ओणवून दगडफूल वाटताहेत. वरवंटा पुढे जायचा, मागे यायचा, आणि प्रत्येक खेपेला वास बदलायचा. कोरडा, मग तेलकट, मग काळा म्हणावा असा. असा वास मी लहानपणापासून ओळखत होतो. फक्त तो चुलीपासून येतो असं समजत होतो.

"हे तुले कोणी शिकवलं?" मी विचारलं. अशा वेळी माझं गावचं बोलणं आपोआप येतं.

"मामंजींनी," ती म्हणाली. "शिकवलं म्हणजे काय, वाटून दे म्हणायचे. लग्न होऊन आली त्या वर्षापासून दर पोळ्याला मीच वाटत होती. कमी पडला की नुसतं दाराकडे बघायचे. मी वासावरून समजून जायची काय कमी आहे."

चव न घेता, भांड्याला हात न लावता, ज्याकडे बघवत नाही असा पदार्थ ही बाई एवढी वर्षं दाराआडून नीट करत होती. मी मसाला भांड्यात घातला. थोड्या वेळाने खरोखर आवाज बदलला. आधीची बुडबुड गेली आणि बारीक, दाट, कुरकुर सुरू झाली. कडेने तेल सुटलं, लालभडक. केशोराव हळूच म्हणाले, "गजब है।" फाटकाशी आता आणखी दोघं-तिघं उभी होती आणि कोणी सल्ला देत नव्हतं. आमच्या गल्लीत हे मी प्रथमच पाहत होतो.

मी मिठाची मूठ भरली. बाबा मूठ भरूनच टाकायचे, गोठ्याच्या भिंतीपासूनही तेवढं स्पष्ट दिसायचं.

"अर्धं परत ठेवा," प्रेमिला म्हणाली.

एवढ्यावर मी तिच्याशी वाद घातला असता. चव घेतलेली नाही आणि मिठाचं काय सांगते. पण तोपर्यंत माझी वाद घालायची पत राहिली नव्हती. अर्धं परत ठेवलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा रुचीने आजीला वॉकरवर उभं केलं. एरवी तिला ताट पलंगावरच लागायचं. त्या दिवशी ती स्वतः म्हणाली, भाईर नेऊन दे मले. पावलापावलाने ती अंगणात आली, खुर्चीत बसली, चुलीकडे, विटांकडे, माझ्या जळक्या दुपट्ट्याकडे बघितलं. मी ताट वाढलं. गरम भात, त्यावर खिमा, बाजूला कांदा.

मायने घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. चेहऱ्यावरून काही कळेना. ती खाली मान घालून जेवत राहिली आणि आम्ही उभे राहून बघत राहिलो. ताटातला भात संपला तशी तिने बोटं चाटली. दवाखान्यातून आल्यापासून संपलेलं ताट आम्ही पाहिलं नव्हतं.

मला राहवेना. "माय, झाला का बाबासारखा?"

"नाही," माय म्हणाली.

केशोरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुह्या बापाचा लय खारट राहे," ती म्हणाली. "जिंदगीभर खारट केला त्यानं. मुठीनं टाके मीठ."

मी प्रेमिलाकडे पाहिलं. ती दाराला टेकून, हातावर पदर गुंडाळत उभी होती. "त्या दिवशी सगळं घर झोपेपर्यंत माठावर राहायचं," ती म्हणाली. "पाणी मी भरत होती ना. मग मीठ जास्त झालं एवढं समजायला चव कशाला पाहिजे."

सासू आणि सून एकमेकींकडे बघून हसल्या. या विषयावर त्या दोघी आजवर कधी बोलल्या होत्या असं वाटलं नाही, आणि दोघींना हे एकमेकींचं माहीत नव्हतं असंही वाटलं नाही. मी मध्ये उभा होतो, हातात पळी घेऊन. ज्या खिम्यासमोर आम्ही गोठ्याच्या भिंतीला चिकटून हात जोडायचे तेवढे बाकी ठेवायचो, तो खारट होता, आणि आम्ही तीच त्याची चव समजत होतो. आणि कोणीही, कधीही, एका शब्दानेही बोललं नव्हतं.

"मंग तू सांगितलं काऊन नाही त्याले?" मी विचारलं.

मायने बोटावरचं तेल ताटाच्या कडेला पुसलं. "सालभर तो मानूस ढोरासारखा वावरात राबे," ती म्हणाली. "कोणासाठी काही रांधाची त्याले सवय नव्हती. एकच दिवस चुलीपाशी बसे, आन वाढल्यावर माह्या तोंडाकडे पाहे. अस्साच, तू आता पाहून राहिला ना तसाच. मी कायले सांगू खारट हाये म्हणून?"

अंगणात विटा अजून तापलेल्या होत्या. रुचीने तोंड फिरवलं होतं आणि केशोराव फार मन लावून विझलेला जाळ बघत होते. प्रेमिलाने पदराने डोळे टिपले, आणि धूर गेलेला असूनही म्हणाली, धूर फार झाला.

मायने ताट माझ्यासमोर धरलं.

"पाहत काय राहिला," ती म्हणाली. "भात आन."

मी भात आणायला आत गेलो.